आप्पांच्या वेशीआत

कोठडी

पहिल्यांदा वास येतो. घामाचा, ओल्या मातीचा, कुणाच्या तरी चिघळलेल्या टाचेचा. मग डोळे अंधाराला सरावतात आणि कळतं, की तुम्ही पाय पोटाशी घेऊन बसला आहात, कारण पसरायला जागाच नाही. आजूबाजूला सगळी विशी-पंचविशीतली पोरं. कुणाच्या तळहाताला नांगराचे घट्टे, कुणाच्या नखांत अजून नाईलचा काळा गाळ. यांतल्या एकानेही चोरी केलेली नाही. सम्राटाला लढाईला माणसं कमी पडली, म्हणून गावोगावहून धरून आणलेली ही शेतकऱ्यांची मुलं. दिवसा होडीत भरून उत्तरेला न्यायची, रात्री पळू नयेत म्हणून वाटेतल्या तुरुंगात कोंडायची. शहर थीब्ज, म्हणजे आजचं लक्सर. साल ३१२च्या आगेमागे.

पोटात सकाळपासून काही नाही. तुमच्या शेजारी गुडघ्यांत मान घालून एक वीस वर्षांचा मुलगा बसला आहे. एस्नाच्या बाजूचा. आईबाप जुन्या देवांना मानणारे. नाव पाखोम. ग्रीक कागदांत ते पुढे पाखोमिअस होईल.

दिवेलागणीला दार करकरतं. पहारेकऱ्यामागून चारदोन माणसं आत येतात. हातांत भाकऱ्या, कसलीशी भाजी, पाण्याची मडकी. ती प्रत्येकाजवळ वाकतात आणि ज्याला घास जात नाही त्याला आग्रह करकरून खायला लावतात. तुमच्याही हातात भाकरीचा तुकडा येतो. कोरडा आहे, कडेला करपलाय. तुम्ही तो घाईघाईने संपवता आणि मग लाजता.

“हे कोण?” पाखोम विचारतो.

“ख्रिस्ती आहेत,” कुणीतरी सांगतं.

“आपल्याला ओळखतात?”

“नाही.”

“मग का आणतात?”

“त्यांच्या देवासाठी म्हणे.”

रात्री तुम्हाला जाग येते तेव्हा हा मुलगा कोपऱ्यात उभा असतो. ज्या देवाचं नावही त्याला धड ठाऊक नाही त्याच्याशी तो बोलतोय. इथून सुटलो तर जन्मभर माणसांची सेवा करीन, एवढंच त्याचं मागणं.

पुढे चरित्रकार त्याच्या गोष्टीत देवदूत आणतील, आकाशवाणी आणतील, त्याला नदीपार नेणाऱ्या मगरीही आणतील. तुम्ही मात्र करपलेल्या कडेची ती भाकरी लक्षात ठेवा. पुढे जे काही उभं राहिलं, त्याचा पाया ती आहे.

वाळूच्या टोपल्या

लढाई लवकर आटोपते, रंगरूट सोडून दिले जातात. पाखोम घरी जात नाही. तो शेनेसेत नावाच्या ओसाडलेल्या खेड्यात थांबतो. बाप्तिस्मा तिथेच घेतो. नदीकाठी सेरापिस देवाचं एक पडकं देऊळ आहे, त्याच्या आसऱ्याने भाजी लावतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतो. गावात साथ येते, तेव्हा बाभळीच्या बनातून जळण आणून आजाऱ्यांच्या दारात टाकतो. तुम्ही एक मोळी उचलून त्याच्यामागे चालून बघा. अनवाणी पायांत काटे मोडतात आणि तो ते काढायला थांबत नाही.

तीनेक वर्षांनी त्याला वाटतं, हे पुरेसं नाही. त्या काळच्या इजिप्तमध्ये देवाच्या मागे लागलेल्या माणसाला एकच वाट ठाऊक होती: एकट्याने वाळवंट गाठायचं. अँटनीच्या एकांतवासाची ख्याती तेव्हा सगळीकडे होती. पाखोमही गावाबाहेर राहणाऱ्या पालामोन नावाच्या म्हाताऱ्या एकांतवाशाचं दार ठोठावतो. पालामोन दार किलकिलं करतो आणि बजावतो, की इथे भाकरी आणि मीठ, तेल नाही, दारू नाही, निम्मी रात्र जागरण, कधी अख्खी. जमणार नाही तुला, जा. पाखोम जात नाही.

एक रात्र तुम्हीही काढा त्यांच्याबरोबर. दोघं दोरा वळताहेत आणि ओठांत प्रार्थना चालू आहे. मध्यरात्रीनंतर तुमची मान छातीवर पडते. पालामोन उठतो, तिघांना टोपल्या देतो आणि डोंगरापाशी नेतो. वाळू इथून उचलायची, तिथे टाकायची. संपली की तिथून उचलायची, इथे टाकायची. काम कशासाठी, असं विचारू नका. झोप येऊ नये म्हणून.

ईस्टरच्या दिवशी पाखोम सणासुदीचं म्हणून म्हाताऱ्याच्या मिठावर थोडं तेल घालतो. पालामोन कपाळावर हात मारून रडायला लागतो. माझा प्रभू क्रूसावर गेला आणि मी तेल खाऊ? पाखोम निमूटपणे ते ताट बाजूला करतो.

सात वर्षं तो इथे राहतो. शरीर कसं वाकवायचं ते शिकतो. पण त्या कोठडीत कुणी त्याला उपास शिकवला नव्हता. जेवू घातलं होतं.

फसलेला प्रयोग

इ.स. ३२३च्या सुमारास जळण गोळा करता करता तो तबेन्नेसी या सोडलेल्या गावापाशी पोहोचतो. नाईलच्या काठावर पडकी घरं, मोकळं रान. इथेच राहा, घर बांध, लोक येतील, असा आवाज त्याला ऐकू येतो, असं चरित्रं सांगतात. पालामोन त्याला खोपटं उभारायला मदत करतो.

पहिला येतो तो सख्खा भाऊ, योहान. आणि पहिलं भांडणही त्याच्याशीच होतं. पाखोम भिंत लांबवतोय, येणाऱ्यांसाठी. योहानला दोघांपुरती जागा हवी. तो म्हणतो, हा मोठेपणा सोड, आणि बांधलेली भिंत पाडायला लागतो. पाखोम चिडून बोलतो. मग त्या चिडण्याची त्याला इतकी लाज वाटते, की रात्रभर तो विटेवर उभा राहून रडत प्रार्थना करतो. चरित्रकार लिहितो, की घामाने पायाखालच्या कच्च्या विटेचा चिखल झाला. तुम्ही सकाळी ती जागा बघता. दोन पावलांचे ठसे उमटलेत.

मग आसपासच्या खेड्यांतली माणसं येऊ लागतात. नियम काहीच नाहीत. प्रत्येकाने स्वतःचं कमवावं, थोडं जेवणासाठी द्यावं, आणि स्वयंपाक, वाढणं, उष्टं काढणं सगळं पाखोम करणार. सेवा करीन म्हटलं होतं ना! महिना गेला, वर्ष गेलं. तुम्ही पंगतीत बसून पाहताय, काय होतंय ते. आधी त्यांना संकोच वाटायचा. मग सवय झाली. मग ते हुकूम सोडू लागले. आता ते त्याच्या तोंडावर हसतात. काम असलं की तो त्यांच्या मागे गाढव हाकत जातो, परतताना ते गाढवावर बसतात आणि सामान त्याच्या पाठीवर लादतात.

चार-पाच वर्षं तो हे सोसतो. मग एक दिवस सांगतो, की यापुढे प्रार्थनेला हाक आली की सगळ्यांनी यायचं, जेवायला सगळ्यांनी एकत्र बसायचं, पटत नसेल त्याने चालू लागायचं. ते हसतात. तो त्यांना बाहेर काढतो.

एकटा एक माणूस चांगुलपणाने राबत राहिला तर भोवतालचे आपोआप चांगले होत नाहीत, उलट आळशी आणि उद्धट होतात, हे इथे त्याला कळलं. आपल्याकडे एकत्र कुटुंबात राबलेल्या कुठल्याही मोठ्या सुनेला हे वेगळं सांगायला नको. सेवेची पाळी लागली पाहिजे. वाढणाऱ्यालाही कधीतरी ताटावर बसता आलं पाहिजे. या एका समजेतून ख्रिस्ती जगातली सहजीवनाची पहिली लेखी नियमावली जन्माला आली.

वेस

आता तुम्ही पंधराएक वर्षं पुढे या. एव्हाना नियम पटणारी माणसं येत गेली आणि एकाचे अनेक मठ झाले आहेत. फबो. नाईलच्या काठावरचं या मठांचं मुख्य ठाणं. चारी बाजूंनी भिंत, भिंतीला एकच दार, दारात राखणदार. आपल्या गावकुसाची आणि वेशीची आठवण यावी अशी रचना.

तुम्हाला लगेच आत घेत नाहीत. काही दिवस दारातच राहा, प्रार्थना पाठ करा. राखणदार चौकशी करतो. काही गुन्हा करून पळालायस का? कुणाच्या ताब्यातला आहेस का? आईबाप, जमीन सोडवेल का? दुसऱ्या प्रश्नावर थांबा. गुलामाला हे दार सहज उघडत नव्हतं. रोमन जगाचा कायदा भिंतीबाहेर संपत नव्हता.

मग कपडे उतरवून घेतात आणि कोठीत ठेवतात. तुमच्या अंगावर जवसाच्या सुताचा बिनबाह्यांचा अंगरखा येतो, कमरेला पट्टा, खांद्यावर बकऱ्याचं कातडं, आणि डोक्याला कुंची. हो, लहान बाळाला घालतात तशीच. तुम्हाला हसू येतं. तितक्यात एक कृश, उन्हाने रापलेला पन्नाशीचा माणूस चटईचा भारा घेऊन समोरून जातो. सगळे त्याला ‘अपा’ म्हणतात. कॉप्टिकमध्ये बाप. तुमचा मराठी कान ते ‘आप्पा’ असं ऐकतो, आणि दोन्ही शब्दांचं काही नातं नसलं तरी अर्थ चुकत नाही.

पहिला धक्का बसतो तो पाटीचा. तुम्हाला वाचता येत नसेल, तर दिवसातून तीनदा शिकवणाऱ्यापुढे उभं राहायचं. तो अक्षरं लिहून देईल, मग जोडाक्षरं, मग नामं, क्रियापदं. नको म्हणालात तरी वाचायला लावतील, असं नियमात स्पष्ट आहे. नवा करार आणि स्तोत्रसंहिता पाठ नाही असा माणूस इथे राहता कामा नये. चौथ्या शतकातल्या शेतमजुरांच्या, उंटवाल्यांच्या पोरांना सक्तीने साक्षर करणारी ही भिंत आहे. तुमच्या शेजारच्या, चाळिशी उलटलेल्या माणसाला आज पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिता आलं. तो बराच वेळ नुसता बघत बसतो.

तुम्हाला एका ‘घरात’ टाकतात. मठात अशी अनेक घरं आहेत. बहुतेक हुन्नरावरून वाटलेली: विणकर, लोहार, सुतार, कापड धुणारे, उंट हाकणारे. प्रत्येक घराला एक प्रमुख आणि एक दुय्यम. ग्रीक बोलणाऱ्यांचं घर वेगळं आहे, त्यांचा प्रमुख अलेक्झांड्रियाचा एक थिओडोर. आठवड्याची पाळी घराघरांत फिरते. या आठवड्यात वाढणारे, पुढच्या आठवड्यात जेवणारे. तबेन्नेसीच्या त्या वर्षांचा धडा इथे वेळापत्रक होऊन बसला आहे.

पहाटे अंधारात हाक येते. तुम्ही प्रार्थनागृहात जाऊन बसता, तर पुढ्यात भिजवलेले लव्हाळे. एकजण उभा राहून शास्त्रवचनं म्हणतो, आणि शेकडो हात वळताहेत, विणताहेत. प्रमुख टाळी वाजवतो. सगळे उठतात, वाकतात, पुन्हा बसतात. पालामोनकडची वाळू आठवा. तिथे श्रमातून काहीच तयार व्हायचं नव्हतं. इथे प्रार्थना संपते तेव्हा वीतभर चटई झालेली असते, आणि ती चटई विकून कुणाची तरी भाकरी येणार असते.

दुपारी पंगत. कुंची पुढे ओढून, मान खाली घालून जेवायचं. शेजाऱ्याच्या ताटात बघायचं नाही, कारण तो किती खातो किंवा किती कमी खातो, याच्याशी तुमचा संबंध नाही. बोलणं नाही. काही हवं असेल तर टेबलावर टकटक. भाकरी, शिजवलेली भाजी, ऑलिव्ह, कधी चीज, खजूर. ज्याला उपास करायचा त्याने करावा, पण अन्न सगळ्यांसाठी शिजलंच पाहिजे. बाहेर पडताना दारात एकजण मूठभर गोडधोड देतो, खोलीत नेऊन खायला. आजाऱ्यांची कोठी वेगळी, तिथे निरोग्याला मना असलेली वाईनही मिळते. पालामोनचं तेल आठवून तुम्हाला गंमत वाटते. शिष्य गुरूच्या किती पुढे आला, ते इथे ताटात दिसतं.

आणि काही नियम तुम्हाला चक्रावून टाकतात. खोलीला कुलूप नाही. एका चटईवर दोघांनी बसायचं नाही. अंधारात बोलायचं नाही. दुसऱ्याच्या पायातला काटा परस्पर काढायचा नाही. काटे काढायचा चिमटा कुणाच्याही मालकीचा नाही. तो पुस्तकं ठेवतात त्या कोनाड्यात टांगलेला असतो, घरप्रमुखाच्या ताब्यात. एवढ्याशा चिमट्याचा नियम कशाला? कारण ‘माझं’ सुरू होतं ते चिमट्यापासूनच. आणि काटा काढण्यासारख्या जवळिकीतून गट पडतात, आवडतेनावडते ठरतात. माणसाच्या मनाचे बारीक चोरदरवाजे या माणसाने जवळून पाहिले आहेत.

संध्याकाळी तुम्ही घाटावर जाता. मठाची होडी चटया, टोपल्या, दोर भरून अलेक्झांड्रियाला निघाली आहे. याच नदीने उलट दिशेला वर गेलं तर कोप्टोस लागतं. तिथून उंटांचे तांडे तांबड्या समुद्राच्या बंदरांकडे जातात, आणि त्या बंदरांतून गलबतं पूर्वी आपल्या सोपारा, कल्याणला लागत, अशी पहिल्या शतकातली नोंद आहे. तुमच्या मनात कान्हेरी येते. एकाच डोंगरात खोदलेल्या त्या शेकडो वर्षं जुन्या कोठड्या, दगडी बाक, पावसाचं पाणी साठवणाऱ्या पोढी. भिक्षूंनी एकत्र, नियमाने राहणं आपल्या डोंगरांना या काळीही नवं नाही. म्हणून पाखोमने जगात पहिल्यांदा संघ काढला, असं म्हणू नका. त्याने तिकडून काही घेतलं, असंही म्हणू नका. दोन नद्यांना पूर येतो, त्यासाठी त्यांची भेट व्हावी लागत नाही.

नदीपलीकडल्या बायका

एक बाई दारात आली आहे. मारिया, पाखोमची बहीण. भावाला भेटायचंय. तो बाहेर येत नाही. राखणदाराकरवी निरोप पाठवतो, की मी जिवंत आहे हे तुला कळलं, वाईट वाटून घेऊ नकोस, आणि तुलाही हे जगणं पटत असेल तर विचार कर. मारिया तिथेच रडते. तुम्हाला या माणसाचा राग येतो, आणि येऊ द्या. पाखोमच्या लाडक्या शिष्याची, थिओडोरची (अलेक्झांड्रियाचा तो वेगळा) आई बिशपची पत्रं घेऊन आली होती, तिलाही मुलगा भेटला नाही. प्रेमाचा असा हिशेब आपल्याला आजही समजणार नाही.

पण मारिया परत जात नाही. तबेन्नेसीच्या गावात भाऊ तिच्यासाठी वेगळी वास्तू उभारून देतो. तिच्याभोवती बायका जमतात आणि ती त्यांची आई होते. तेच नियम, तीच अक्षरओळख. कापडाचं बरंच काम त्यांच्याकडे, बांधकामाचं आणि शेतीचं पुरुषांकडे, आणि मध्ये पीटर नावाचा एक वृद्ध दुवा. त्यांच्यातली कुणी वारली, की बाकीच्या जणी तिला नदीकाठी आणून ठेवत आणि पलीकडून मठवासी खजुरीच्या, ऑलिव्हच्या डहाळ्या घेऊन होडीने येत, स्तोत्रं म्हणत तिला नेत, असं मठवाशांच्या हकीकती लिहिणाऱ्या पॅलेडिअसने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय. जिवंतपणी भेट नाही, मरणानंतर नदी ओलांडून यायचं. एवढं वाचलं तरी गळा दाटतो.

हिशेब

अशा माणसाला लोक संत म्हणून लांबून नमस्कार करतात. तुम्ही त्याच्याबरोबर महिनाभर राहून बघा.

दुष्काळ आहे. मठाचा व्यवहार सांभाळणारा भाऊ शंभर नाणी घेऊन गहू आणायला जातो. बाजारात एका नाण्याला पाच मापंही धड मिळेनात. हर्मोंथिसला सरकारी धान्य सांभाळणारा एक भाविक भेटतो, याची प्रार्थना बघून त्याला तेरा मापांच्या भावाने देतो, वर उधारीवर आणखी. होडी भरून येते. तुम्हाला वाटतं, शाबासकी मिळणार. आप्पा निरोप पाठवतात, की यातला एक दाणाही वेशीच्या आत यायचा नाही. ज्या भावाने आणलास त्याच भावाने आसपासच्या लोकांना विक, त्याचे पैसे चुकते कर आणि बाजारभावाने जेवढा येईल तेवढा गहू आण. आणि त्या माणसाला पुन्हा खरेदीला पाठवत नाहीत. त्याच्या जागी आलेला दुसरा मठातल्या चपला सांगितल्यापेक्षा जास्त भावाने विकून येतो. गिऱ्हाइकांनीच आपणहून दिले म्हणतो. त्यालाही पैसे परत करायला पाठवतात, आणि ते काम त्याच्याकडूनही जातं.

दुसरी गोष्ट. एका मठातला आचारी भाज्या शिजवणं बंद करतो. कुणी फारसं खातच नाही, वेळ वाया जातो, त्यापेक्षा चटया विणू. आप्पा भेटीला येतात तेव्हा तो अभिमानाने सांगतो, की वाचलेल्या वेळात पाचशे चटया झाल्या. सगळ्या आणवतात आणि पेटवून देतात. तुम्ही हळहळता, इतकं काम! पण त्यांचं म्हणणं ऐका. ताटात भाजी असेल आणि मी ती सोडली, तर तो माझा उपास. ताटात भाजीच नसेल तर ती नुसती उपासमार. आणि पोरांचं काय, आजाऱ्यांचं काय?

तिसरी सगळ्यांत छोटी. तबेन्नेसीला आप्पा चटई विणत बसले आहेत. आठवड्याच्या पाळीवरचं एक पोरगं जाता जाता म्हणतं, “असं नाही आप्पा, थिओडोर आप्पांनी आम्हाला वेगळं विणायला शिकवलंय.” तुम्ही श्वास रोखता. नऊ मठांचा प्रमुख उठून पोराला जागा देतो आणि त्याच्या समोर बसतो. “दाखव बरं,” म्हणतो. मग मन लावून शिकतो.

पाद्रीही तो कधी झाला नाही. अलेक्झांड्रियाचे आर्चबिशप अथनेशिअस दौऱ्यावर आले आणि स्थानिक बिशपने याला धर्मगुरू करा म्हणून सुचवलं, तेव्हा हा गर्दीत लपून राहिला. पद आलं की मत्सर येतो, असं त्याचं मत. मिस्सासाठी गावातला धर्मगुरू येई.

जुनं पांघरूण

इ.स. ३४६चा वसंत. ईस्टरनंतर मठांत साथ शिरली आहे. ताप, रंग उतरतो, डोळे लाल, श्वास कोंडतो. रोज कुणीतरी जातं. शंभराच्या वर भाऊ गेले, त्यांत जाणते घरप्रमुखही.

आता आप्पा पडून आहेत, आजाऱ्यांच्याच जागेत. अंगावरचं पांघरूण आता त्यांना पेलवत नाही. थिओडोर कोठीवाल्याकडून एक हलकं, चांगलं पांघरूण आणून घालतो. आप्पा हाताने चाचपतात आणि लगेच म्हणतात, काढ. बाकीच्या आजारी भावांना असं मिळालंय का? थिओडोर जुनं, विरलेलं, म्हणूनच हलकं झालेलं एक शोधून आणतो. ते चालतं.

थिओडोरला उगाच घाई झाली होती, हेही इथे सांगायला हवं. आप्पांच्या आधीच्या एका आजारपणात ज्येष्ठांनी तुम्हीच आमचे पुढारी व्हा म्हटल्यावर तो हो म्हणाला होता, आणि आप्पांनी त्याला सगळ्या पदांवरून उतरवलं होतं. पण शेवटचं मागणं त्याच्याकडेच आहे. आप्पा त्याची दाढी धरून सांगतात, की मला पुरतील तिथे ठेवू नकोस. लोक माझ्या हाडांवर देऊळ उठवतील.

९ मे. ते जातात. वय पन्नाशीच्या पुढचं. नऊ मठ पुरुषांचे, दोन बायकांचे. रीतसर स्तोत्रं म्हणत डोंगराच्या पायथ्याशी पुरलं जातं, सगळे घरी परततात. मग रात्री थिओडोर तुम्हाला उठवतो. दिवा तुमच्या हातात देतो. माती पुन्हा उकरली जाते. तुम्ही वाट बघून ठेवता: किती पावलं, कोणता खडक, कुठे वळलो.

मागे राहिलेलं

पुढचं भराभर घडतं, म्हणून भराभर बघा. वारस पेट्रोनिअस काही आठवड्यांतच साथीत जातो. ओर्सिएसिअस येतो. मठ श्रीमंत होतात, आणि एक मठप्रमुख उठून म्हणतो, आम्ही संघातून बाहेर. तो पेच सोडवायला थिओडोर पुढे होतो आणि ३६८पर्यंत डोलारा सांभाळतो. म्हातारपणी त्याला झोप लागत नाही. शेतं वाढली, गुरं वाढली, होड्या वाढल्या. चटईपासून सुरू झालेली गोष्ट पेढीपर्यंत येऊन ठेपली, याचं दुःख त्याने उघड केलं. नियमाने राबणारी, खर्च न करणारी माणसं एकत्र आली की पैसा साचतोच. त्याचं काय करायचं, हे आप्पांच्या नियमांत लिहिलेलं नव्हतं.

पण नियम निघाले प्रवासाला. पाचव्या शतकाच्या आरंभी एकूण सात हजार माणसं या नियमांखाली राहतात, असं पॅलेडिअस लिहितो. ४०४ साली जेरोम ते लॅटिनमध्ये आणतो. पूर्वेकडे बेसिल, पश्चिमेकडे कॅसिअन आणि मग सहाव्या शतकात बेनेडिक्ट, या सगळ्या मठसंस्थापकांच्या पाठीशी ही भिंत कमीजास्त उभी आहे. युरोपातली हस्तलिखितं ज्या मठांत टिकली, त्यांची घंटा, पंगत, ग्रंथालय, आठवड्याची पाळी यांचं मूळ शोधत गेलात तर या घाटाशी येता. सतराव्या शतकाच्या आरंभी जुन्या गोव्यात उभा राहिलेला सांता मोनिका हा जोगिणींचा मठही त्याच घराण्याचा लांबचा वंशज.

१९४५च्या डिसेंबरात याच काठावर, जबल अल-तारिफच्या पायथ्याशी खत खणणाऱ्या एका शेतकऱ्याची कुदळ मडक्याला लागली. आत चामडी बांधणीतले तेरा ग्रंथ. चर्चने पाखंडी ठरवलेली शुभवर्तमानं त्यांत होती. एका बांधणीत भरलेल्या रद्दी कागदावर ३४८ हे साल निघालं, म्हणजे आप्पांच्या मृत्यूनंतरचं दुसरंच. फबो तिथून काही मैलांवर. त्यांच्याच पोरांनी ते वाचले आणि लपवले का, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. ज्यांना सक्तीने वाचायला शिकवलं, ते काय वाचतील यावर कुणाचा ताबा चालतो?

आता तुम्ही आजच्या दिवसात आहात. फाव किबली, दिश्ना शहराजवळचं गाव. पाचव्या शतकात बांधलेल्या भव्य चर्चचे ग्रॅनाइटचे खांब आडवे पडलेत. पोरं त्यांवरून उड्या मारतात, उसाच्या गाड्या जातात. भिंत नाही, वेस नाही. लव्हाळे मात्र कालव्याच्या कडेला तसेच वाढतात.

तुमच्याबरोबर आलेल्या पर्यटकांपैकी एकजण खांबांत फिरून परत येतो. महाराष्ट्रातलाच आहे, पायांतले बूट काढायला तयार. “एवढा मोठा माणूस,” तो म्हणतो, “समाधी कुठेय?”

तुम्हाला पावलं आठवतात. खडक आठवतो, वळण आठवतं. हाताला दिव्याची ऊब अजून आहे.

“नाहीये,” तुम्ही म्हणता, आणि त्याला सावलीत बसवून डब्यातली अर्धी भाकरी पुढे करता.